पानगळीच्या दिवसांत ओढ्यात उतरण्यापूर्वी

संपादक महोदय,

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतील पानगळीच्या रंगांवरचे प्रवासलेख मराठी पुरवण्यांतून येऊ लागतात, आणि मुलांकडे आलेले कितीतरी आईवडील ऑक्टोबरात आमच्या व्हर्जिनियातील शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानात येतात. १०५ मैलांच्या स्कायलाइन ड्राइव्हवरून दिसणाऱ्या लालपिवळ्या झाडीचे वर्णन या लेखांत असते. पण त्याच झाडीखालच्या ओढ्यांत त्याच दिवसांत काय चाललेले असते, ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

या ओढ्यांत ब्रुक ट्राउट नावाचा मासा राहतो. तो मूळचा इथलाच. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागले की त्याला ते सोसत नाही, त्यामुळे डोंगरातले गार, सावलीतले ओढेच त्याला उरले आहेत. त्यातही आम्लपावसाने काही ओढ्यांचे पाणी बिघडवले. जिथे आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हारसापासून झालेला, पाण्यातले आम्ल शमवणारा खडक आहे, तिथले ओढे मात्र त्यातून बरेच तगले. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १९२९ मध्ये रॅपिडान नदीच्या उगमाशी आपला विश्रांतीचा तळ उभारला, त्यात ट्राउटच्या मासेमारीची ओढ मोठी होती.

मी स्वतः अनेक वर्षे या ओढ्यांवर कृत्रिम माशीचे आमिष लावलेल्या गळाने मासे धरते आणि सोडून देते. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता डोहाशी जावे लागते. हाती येतो तो जेमतेम वीतभर मासा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून आधी हात ओला करायचा आणि गळाचा उलटा काटा घरूनच चिमट्याने दाबून आणायचा. पाठीवर नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके, खालच्या परांना पांढरी किनार, आणि या दिवसांत नराचे पोट शेंदरी होते. ते पाहिले की हात आपोआप हलका होतो.

हा शेंदरी रंग विणीचा असतो. मादी शेपटीने गाळ झाडून बारीक खड्यांत ताटाएवढी जागा स्वच्छ करते, तिथे अंडी घालते आणि ती खड्यांनी झाकून टाकते. अंडी हिवाळाभर तिथेच असतात. काळपट तळावर उजळ दिसणारा हा तुकडा पार करायला सोयीचा वाटतो, आणि नेमका तिथेच पाय पडतो. गेल्या ऑक्टोबरात एका मराठी कुटुंबाची मुले अशाच जागेवरचे गोटे उचलून मनोरा रचत होती. खाली काय आहे ते सांगताच आजोबांनी नातवंडांना लगेच बाहेर बोलावले. त्यांना ठाऊकच नव्हते, त्यात त्यांचा दोष नाही.

मी कोकणातली आहे. पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे, गाभोळीने भरलेले, मीही लहानपणी आवडीने खाल्ले आहेत. आज त्याची खंत वाटते, म्हणून इथे तरी गप्प राहवत नाही. उद्यानात मासेमारी वर्षभर चालते. तरीही ऑक्टोबरच्या मध्यापासून मी गळ बाजूला ठेवते आणि इतर हौशी मंडळींनीही निदान वीण करणाऱ्या जोड्यांवर माशी टाकू नये, अशी माझी विनंती आहे.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी शेनानडोआवर लेख येईल, तेव्हा त्यात दोन ओळी अवश्य घालाव्यात: ओढा पुलावरून किंवा पाण्याबाहेरच्या मोठ्या दगडांवरूनच ओलांडावा, आणि तळातले गोटे उचलू नयेत.

आपली एक वाचक,
उत्तर व्हर्जिनिया, अमेरिका