चिकलठाण्याच्या काकांना, जीपच्या निमित्तानं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

लांब केलेली आमची जीप हुरड्याच्या पाहुण्यांना घेऊन फाटकापासून ज्वारीच्या रानापर्यंत बिनघोर जाऊ लागली आहे. हे तुमच्यामुळे झालं. ते चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

कारागिरानं चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कापून मध्ये 18 इंचांची भर चोख घातली होती. पण 91 इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 109 झाला आणि मागे जाणारं सगळंच तोकडं पडलं: मागची चाकं फिरवणारा शाफ्ट, ब्रेकची नळी, सायलेन्सरचा पाइप, दिव्यांच्या वायरी. तुम्ही पान्याला हात लावण्याआधी विचारलंत, "रस्त्यावर न्यायची का ही?" 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल चालवून घेत नाही. गाडी शेताबाहेर जाणार नाही हा शब्द घेतलात, मगच गाडीखाली शिरलात.

सगळे म्हणत होते, एसटीसारखा दोन तुकड्यांचा शाफ्ट करा, मध्ये आधाराला सेंटर बेअरिंग द्या. ज्यांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला, ते तुम्हीच "नको" म्हणालात. शाफ्टची लांबी दीडपट झाली की त्याची सुरक्षित फिरण्याची मर्यादा निम्म्याहूनही खाली येते. त्यापुढे तो उड्या मारायच्या दोरीसारखा मधोमध फुगतो. हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. पण शेतातल्या वेगाला आपण त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, हेही दाखवलंत. काळ्या मातीच्या चिखलात बेअरिंगचं रबर टिकणार नाही, त्यापेक्षा जाड नळीचा एकच शाफ्ट बरा. वाळूजला बॅलन्सिंग करून घेताना दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एका रेषेत आहेत का, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. योकमधला क्रॉस, म्हणजे सांध्याचा चौफुला, तिरका चालला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. दोन्ही योक जुळले तरच एकाची चूक दुसरा भरून काढतो. इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे. शाफ्ट उतरला की हँडब्रेक ओढूनही गाडी उभी राहत नाही. नट सैल करण्याआधी चारही चाकांना दगड लावायला लावलेत, तेव्हा आमचा पोरगा गाडीखालीच होता. त्याबद्दल काय लिहू?

ब्रेकच्या नळीला मध्ये जोड देऊ दिला नाहीत. पुढून मागच्या ॲक्सलपर्यंत स्टीलची अखंड नळी, तोंडं दुहेरी दुमडलेली. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून ब्रेकच्या तेलातली हवा काढत आलात. रंगवलेल्या नव्या तुकड्यावर भरवसा नको म्हणून दिव्यांना अर्थिंगची वेगळी वायरही ओढलीत.

वळायला आता पाचव्या हिश्शानं जास्त जागा लागेल, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. विहिरीजवळचा बांध त्या मापानं मागे घेतला आहे. गोठ्याकडचा कोपरा अजून अडतो. पुढच्या आठवड्यात सवड असेल तर माप घ्यायला याल का? न्यायला मी येतो.

काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
पैठणकडचा जीपवाला