शुद्धलेखनावर सार्वमत

कील, जर्मनी

ती. आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तिकडे शुद्धलेखनाचे नियम कोण ठरवतं आणि लोक ते पाळतात का, असं तुम्ही विचारलंत. आमच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात तर त्यावर चक्क सार्वमत झालं होतं.

1 जुलै 1996 ला जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड वगैरे देशांनी व्हिएन्नात जर्मन शुद्धलेखनाच्या नव्या नियमांवर सह्या केल्या. ग्युंटर ग्राससारख्या लेखकांनी लगेच विरोध केला. जुलै 1998 मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला: शाळांपुरता नियम सरकारने खुशाल करावा, शाळेबाहेर मात्र ज्याने त्याने हवं तसं लिहावं. 1 ऑगस्टपासून शाळांत नवं लेखन सुरू झालं.

त्याच वर्षी 27 सप्टेंबरला, संसदेच्या निवडणुकीच्याच दिवशी, आमच्या श्लेस्विग-होल्स्टाइनने मत दिलं आणि 56.4 टक्के लोकांनी सुधारणा नाकारली. आमच्या शेजारच्या आजी त्यांतल्याच. जिन्यात त्या चिठ्ठी चिकटवतात, तेव्हा आजही 'दस' (म्हणजे आपलं 'की') या शब्दाच्या शेवटी जुनं एस्-त्सेट हे अक्षर काढतात, इंग्रजी बीसारखं दिसणारं, अगदी ठळक. नव्या नियमाने तिथे दोन एस हवेत. आधीचा स्वर दीर्घ किंवा जोडस्वर असेल तरच एस्-त्सेट. मला हा नियम पटतो, उच्चारावरून लिहिता येतं. त्यांनाही तो कळतो. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्हाला आधी कुणी विचारलं होतं?

आणि विचारल्यावर तरी काय झालं? सप्टेंबर 1999 मध्ये विधानसभेने तो कौल फिरवला. सगळ्या देशातली मुलं नवं लिहिणार आणि इथलीच तेवढी जुनं, हे चालायचं कसं, म्हणून. मुलांची काळजी खरी होती. तरीही वर्षभरात लोकांचा निर्णय मोडीत काढणं चूकच होतं, असं मला वाटतं. पुढे 2000 साली फ्रांकफुर्टचं एक मोठं दैनिक जुन्या लेखनाकडे परतलं. मुलांनी शाळेत एक शिकायचं आणि घरी वर्तमानपत्रात दुसरंच वाचायचं! शेवटी 2004 मध्ये शुद्धलेखन परिषद नेमली, 2006 मध्ये काही जुनी रूपं परत आली, आणि 2007 च्या पहिल्या तारखेपासून ते दैनिकही नव्या लेखनावर आलं. या परिषदेत भाषातज्ज्ञांबरोबर प्रकाशक, पत्रकार, लेखक, शिक्षक असे सगळे आहेत. हीच माणसं सह्या करण्याआधी एकत्र बसवायला हवी होती.

आता तुम्ही सांगा. 1962 साली साहित्य महामंडळाचे नियम आले, तेव्हा तुम्ही नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून लागला होतात. 'घरीं', 'कां' असं लिहीत तुम्ही वाढलात आणि वर्गात ते अनुस्वार काढून शिकवायची वेळ आली. मुलाच्या वहीत तसा अनुस्वार दिसला, तर लाल शाई लावायचात का? पालक काही बोलायचे का? बाबांना विचारलं, त्यांना आठवत नाही. सविस्तर लिहा.

आजीला नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची नात,
मृणाल