बागेतल्या तळ्यात मोरचूद टाकायला सांगू नका

मा. संपादक, स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं की अंगणातल्या छोट्या तळ्याचं पाणी उन्हाळा लागला की हिरवंगार होतं, काय करू? त्यावर तीन ओळीत उत्तर दिलंय की सगळं पाणी काढा, तळं घासून घ्या, नवीन पाणी भरा आणि थोडा मोरचूद, म्हणजे तांब्याचं कॉपर सल्फेट, टाका. तळ्यात गोल्डफिश आहेत असं त्या प्रश्नातच लिहिलं होतं! हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण आमच्या सोसायटीच्या लिली पाँडमधे मेन्टेनन्सवाल्याने नेमकं हेच केलं आणि दोन दिवसांनी सकाळी मासे उलटे तरंगत होते.

मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरंय, पण तांबं माशांना आणि गोगलगायींनाही विषारी असतं, आणि पाणी जितकं सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांचं, तितकं ते जास्त बाधतं. पुण्यात नळाला धरणाचं पाणी येतं, ते बोअरच्या मानाने बरंच सॉफ्ट असतं, म्हणजे इथे तर जास्तच जपायला हवं. त्यात "थोडा" म्हणजे किती? शेवाळासाठी साधारण हजार लिटरला एखादा ग्रॅम एवढाच मोरचूद वापरतात, आणि माळीदादा चमच्याने किंवा मुठीने टाकतात, तळ्यात किती लिटर पाणी आहे ते कोणी मोजलेलंच नसतं. आणि तांबं कुठे उडून जात नाही, ते खाली गाळात बसतं आणि तोच गाळ नंतर खत म्हणून वाफ्यात टाकला जातो.

बरं, प्रमाण बरोबर घेतलं तरी दुसरा धोका आहेच. एकदम सगळं शेवाळ मेलं की ते पाण्यातच कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम तर 30 डिग्रीला साडेसातच. रात्री झाडं आणि शेवाळ ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले की समजायचं की गुदमरतायत, तेव्हा पंप आणि कारंजं लगेच चालू करायचं. लाईट वाचवायला रात्री पंप बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांनी निदान एप्रिल-मे मधे तरी तो चालू ठेवावा.

मुळात शेवाळ येतं कशाने हे त्या उत्तरात कुठेच नव्हतं. ऊन आणि खाणं, एवढंच लागतं त्याला, आणि खाणं म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. 1973 मधे कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका तळ्याला, लेक 226 म्हणतात त्याला, मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकलं आणि दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस, तर फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली. आपल्या बागेत तो कुठून येतो ते बघा ना, लॉनवर मारलेलं डीएपी किंवा 19:19:19 हे फॉस्फरसवालं खत पावसाच्या नाहीतर पाईपच्या पाण्याबरोबर वाहून तळ्यात येतं, त्यात माशांचं जास्तीचं फूड, वाळलेली पानं, आणि सोसायटीच्या तळ्यात लोक सर्रास टाकतात ते निर्माल्य. कोल्हापूरच्या रंकाळ्यात सांडपाणी गेलं आणि पाणी हिरवं पडलं ते सगळ्यांनी बघितलंय, आपल्या तळ्यात तेच छोट्या प्रमाणात चालू असतं. शेवाळ मारलं तरी त्याच्यातलं फॉस्फरस पाण्यातच राहतं, मग पंधरा दिवसांनी परत हिरवं, परत मोरचूद, आणि मेन्टेनन्सचं बिल चालूच.

पाणी सगळं बदलायचा सल्लाही चुकीचाच आहे, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, भिंतींवर राहतात, तळं घासून काढलं की ते गेले आणि तळं परत पहिल्या दिवसावर आलं. नवीन तळं पहिले काही आठवडे हिरवं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, थांबा. बदलायचंच तर थोडं थोडं बदला आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही तर तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत पिळून धुवा.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी शेवाळाचं खाणं तोडा. मासे पाच मिनिटात संपवतील एवढंच फूड द्या आणि मासे कमी ठेवा, छोट्या तळ्यात कोई जातीचे मासे तर नकोच, ते मोठे होतात आणि फार घाण करतात. तळ्याची कड थोडी उंच घ्या म्हणजे लॉनचं पाणी आत येणार नाही. लोंबतं केसाळ शेवाळ काठीला गुंडाळून हाताने काढा आणि कंपोस्टमधे टाका, कारण त्याच्याबरोबर त्याने खाल्लेलं फॉस्फरसही बाहेर जातं, हे काम कुठलंच औषध करत नाही. मग सावली. कुमुदिनीच्या पानांनी अर्धं-अधिक पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही, फक्त नर्सरीतून कुंडी आणताना शेणखत भरलेली आणू नका, साधी चिकणमाती आणि वर खडी. आणि फिल्टरचं पाणी खडी भरलेल्या एका ट्रेमधून परत येऊ द्या, त्यात कर्दळ, वेखंड, अळू लावा, ही झाडं चिखलात मस्त वाढतात आणि मुळांनी नायट्रेट-फॉस्फरस ओढून घेतात (ते अळू मात्र भाजीला घेऊ नका). युव्ही (अतिनील) लाईटने हिरवं पाणी साफ होतं हे मान्य, पण केसाळ शेवाळाला त्याने काहीही होत नाही आणि ट्यूब वर्षभरात कमजोर पडते, तेव्हा हे सगळं करूनही जमलं नाही तरच त्यावर पैसे घाला. जलपर्णी कितीही छान दिसली तरी आणू नका, ती नदीत गेली की काय होतं ते मुळा-मुठेत बघतोच आपण.

डासांच्या भीतीने ब्लीचिंग पावडर ओतणारेही आहेत. भीती खोटी नाही, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पण ब्लीचिंगने मासे मरतात आणि अळ्या खाणारं तळ्यात कोणी उरत नाही. पाणी हलतं ठेवलं, तळ्यात अळ्या खाणारे थोडे गप्पी मासे असले आणि पावसाळ्यात तळं ओसंडून ते ओढ्यात जाणार नाहीत एवढं बघितलं तर डासांचं काम होतं.

संपादकांना विनंती की येत्या रविवारी त्याच पानावर निदान दोन ओळींची दुरुस्ती छापा, मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकू नका आणि टाकला असेल तर पंप चोवीस तास चालू ठेवून रोज थोडं थोडं पाणी बदला. तो सल्ला वाचून कोणीतरी ह्या आठवड्यातच दुकानातून पुडी आणलेली असेल.

– एक वाचक, पुणे