गौरी-गणपती आटोपले की इकडे या

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर विषय अर्धवटच राहिला. आई म्हणाली, "देवमासे बघायला एवढ्या लांब कशाला, आपल्या दारात समुद्र आहे." बाबांनी तिकिटांचा हिशोब काढला आणि तेवढ्यात तुमच्याकडचे लाइट गेले. फोनवर हे सगळं नीट सांगताही येत नाही, म्हणून लिहायला बसले. वेळ मिळेल तसं दोघांनी वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल, आईच्या चष्म्याचा नंबर बदललाय हे माहीत आहे मला.

मी तुम्हाला ब्रिस्बेन दाखवायला बोलावत नाहीये. मॉल आणि पूल तुम्ही फोटोत पाहिलेत, तेवढे पुरे. मला तुम्हाला हर्वी बेला न्यायचंय.

बाबा, ॲटलास काढा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिस्बेनच्या वर एक लांबट बेट दिसेल. तुमच्या ॲटलासात त्याचं नाव फ्रेझर आयलंड असेल. 2023 पासून अधिकृत नाव क'गारी झालंय, तिथल्या बुचुल्ला लोकांचं मूळ नाव तेच. सगळं बेट वाळूचं, जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, 120 किलोमीटरहून लांब. त्याच्या आडोशाला जो उपसागर आहे तो हर्वी बे. त्याचं तोंड उत्तरेला उघडतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. अंटार्क्टिकाजवळचे हंपबॅक देवमासे इकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, किनाऱ्याने वर ग्रेट बॅरियर रीफच्या उबदार पाण्यात येतात. माद्या तिथे वितात आणि मग पिल्लांना घेऊन दक्षिणेला परत निघतात. एका दिशेचा प्रवास पाच हजार किलोमीटरच्या घरातला. खाली येताना या उघड्या उपसागरात ते शिरतात आणि चक्क मुक्काम करतात. किनाऱ्यावर बाकी बहुतेक ठिकाणी ते नुसते जाताना दिसतात, इथे थांबलेले दिसतात. ऑगस्टात तरणे देवमासे जास्त असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात लेकुरवाळ्या माद्या. म्हणून माझा तेच महिने धरून आग्रह आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तुमच्या नातवाला उड्या मारणारा देवमासा बघायचा होता. बोटीवरच्या बहुतेकांना तोच हवा असतो. चाळीस टनांचं जनावर पाण्याबाहेर पडतं, आडवं कोसळतं, आवाज येतो, सगळे ओरडतात. ते बघण्यासारखं आहेच. पण आता इतक्या वेळा जाऊन आल्यावर मला वाटतं, खरं बघायचं असतं ते काहीच घडत नसतं तेव्हा.

त्या दिवशी वारा नव्हता. कप्तानाने लांबूनच मादी आणि पिल्लू हेरलं आणि बोट थांबवली. बोटीने शंभर मीटरच्या आत जायचं नाही असा कायदा आहे. त्यांना यायचं असेल तर त्यांनी यावं, आणि ते जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबून राहायचं, ते दूर जाईपर्यंत. आधी पिल्लूच आलं. पिल्लू म्हणायचं, पण जन्मताच चार-साडेचार मीटर लांब असतं ते. रंगाने आईपेक्षा फिकं, राखाडी. त्याला फार वेळ श्वास धरता येत नाही, म्हणून दर दोन-चार मिनिटांनी वर यायचं, छोटासा फूत्कार सोडायचं आणि खाली जायचं. मादी मात्र खालीच होती, निपचित. पाण्यातून तिचे दोन लांब पांढरे पर तेवढे हिरवट दिसत होते. अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असतात ते, दुसऱ्या कुठल्याच देवमाशाचे एवढे नसतात. पिल्लू त्या परांच्या वर घुटमळत होतं.

मग ती वर आली, कठड्यापासून इतकी जवळ की वाकून हात लांब केला असता तर टेकला असता. कोणी केला नाही. तिच्या डोक्यावर गाठी असतात हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं की प्रत्येक गाठीतून एकेक जाडसर केस आलेला असतो, एकच. देवमासा आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे हे शाळेत बाबांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, ते मला त्या केसाने पटलं. डोळा तपकिरी, अंगाच्या मानाने लहान. ती एका अंगावर किंचित कलली आणि तो डोळा आमच्या बाजूला आला. मग श्वास सोडला. त्याचे तुषार हातावर, चष्म्यावर पडले, आणि मासळीचा उग्र वास. तुमचा नातू एरवी नाक मुरडतो, त्याने हात पुसला नाही.

आई, आता तुझ्यासाठी. ही मादी महिनोन् महिने उपाशी असते. तिचं खाणं, म्हणजे क्रिल नावाची बारकी कोलंबी, अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यात मिळतं. इथल्या कोमट पाण्यात तिच्या पोटात जवळजवळ काहीच जात नाही. वर येताना उपाशी, वितानाही उपाशी, आणि परत जातानाही, पिल्लाला पाजत पाजत. दूध पातळ नसतं, श्रीखंडासारखं घट्ट, जवळजवळ निम्मी चरबी, म्हणून पाण्यात सोडलं तरी पिल्लाच्या तोंडात जातं. पिल्लू दिवसाला शेकडो लिटर पितं आणि डोळ्यांदेखत वाढतं. हे सगळं तिच्या अंगावरच्या चरबीतून जातं. परतीच्या वाटेवरच्या माद्यांची पाठ खरंच उतरलेली दिसते. म्हणून ती निपचित पडून राहते तेव्हा ती आळसावलेली नसते, उरलेली शिदोरी पुरवून वापरत असते. कोणी हौसेखातर बोट रेटली की तिला उठून पिल्लाला घेऊन पळावं लागतं, आणि ते तिला परवडत नाही. इथे पाण्यात उतरून देवमाशांबरोबर पोहण्याच्याही ट्रिपा निघतात. मला ते पटत नाही. कठड्यावरून जे दिसतं ते पुष्कळ आहे.

आणखी एक. नर हंपबॅक गातात, ते लांबवर ऐकू जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मादी आणि पिल्लू एकमेकांशी अगदी हळू बोलतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, एक्समाउथच्या आखातात, संशोधकांनी त्यांच्या अंगाला यंत्रं चिकटवून ते ऐकलं, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, पिल्लांवर टपलेले असतात, शिवाय मागे लागणारे नर असतात. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून हे हळू बोलणं असावं, असा त्यांचा निष्कर्ष. आजूबाजूला बोटींचा गोंगाट असला तर एवढा हळू आवाज पिल्लाला ऐकू जाणार कसा? इंजिनं शांत ठेवायचं मला जे एवढं लागून राहिलंय, ते त्यामुळेच.

बाबा, तुम्ही विचारलंत की पूर्वी इथे देवमाशांची शिकार व्हायची ना. व्हायची, आणि आमच्या अगदी समोर. ब्रिस्बेनसमोरच्या मोरटन बेटावर टँगालूमा म्हणून ठिकाण आहे. आता तिथे रिसॉर्ट आहे, लोक सुट्टीला जातात. 1952 ते 1962 या दहा वर्षांत तिथे 6,277 हंपबॅक कापले. ज्या काँक्रीटच्या ओट्यावर ते सोलायचे तो ओटा अजून आहे, मी त्यावर उभी राहिले आहे. शिकार दयेने बंद पडली नाही, मारायला देवमासे उरले नाहीत म्हणून पडली. त्याच सुमारास सोव्हिएत जहाजांनी अंटार्क्टिकाकडे चोरून जी कत्तल केली ती याहून कितीतरी मोठी होती, दोन हंगामांत सुमारे 25,000. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कळपात शेवटी पाचशेही उरले नसावेत. 1963 मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकना संरक्षण मिळालं, आणि आज त्याच कळपाची संख्या 40,000 च्या वर गेल्याचं मानतात. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. सगळं आलबेल आहे असं नाही. शार्क अडवण्यासाठी इथल्या किनाऱ्यांवर टाकलेल्या जाळ्यांत दरवर्षी देवमासे अडकतात, त्यांत पिल्लंही असतात. पण मला तुम्हाला हेच दाखवायचंय, की माणसांनी हात आवरला तर समुद्र किती परत देऊ शकतो. तुमच्या पिढीने "होतं, गेलं" फार ऐकलंय. हे गेलं होतं आणि परत आलंय, आणि ते उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

"आपल्या दारात समुद्र आहे" हे आईचं बोलणं मात्र माझ्या मनात राहिलं, कारण ते खरं आहे. अरबी समुद्रात हंपबॅक आहेत, आणि ते जगातल्या बाकी सगळ्या हंपबॅकांहून वेगळे. ते ध्रुवाकडे जातच नाहीत, बारा महिने तिथेच. बाबा, याचं कारण तुमच्या विषयातलं आहे. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी ढकलून नेतात, खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि मासळी उदंड होते. उष्ण कटिबंधातच पोट भरत असेल तर अंटार्क्टिकाला कशाला जायचं? ज्या वाऱ्यांवर आपली भातशेती चालते त्यांच्यावरच ते देवमासेही जगतात. सुमारे 70,000 वर्षं ते इतरांपासून तुटलेले आहेत, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. आणि ओमानच्या बाजूला ते शंभराच्या आतच उरलेत असा अंदाज आहे. त्यांनाही सोव्हिएत जहाजांनी सोडलं नव्हतं, 1965 आणि 1966 मध्ये 242 मारले. पूर्व ऑस्ट्रेलियाचा कळप सावरला, हा अजून सावरला नाही.

2017 च्या नोव्हेंबरात ओमानला एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला होता, तिचं नाव लुबान. ती सगळा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत उतरली. त्या डिसेंबरात आपण वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी फिरायला जायचो, आठवतं? ती आपल्यापासून फार लांब नव्हती.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाची बातमी आई, तूच मला सांगितली होतीस, 2023 च्या दिवाळीत. लोकांनी पाणी ओतलं, ओल्या फडक्यांनी झाकलं, टगने खोल समुद्रात नेऊन सोडलं, तरी ते वाचलं नाही. "एवढी माणसं राबली तरी कसं नाही वाचलं?" असं तू विचारलंस तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते. दूध पिणाऱ्या पिल्लाला समुद्र परत देऊन भागत नाही, आई परत द्यावी लागते, आणि ती माणसांच्या हातात नसते. पण राबलेल्या लोकांचं काही चुकलं नाही. किनाऱ्यावर देवमासा आला की तुकडे करून न्यायचे, असाही काळ होताच ना.

म्हणून बाबा, तुम्हाला एक काम. संध्याकाळी बंदरावर तुमची बैठक असते, तिथे ट्रॉलरवाल्यांना आणि जुन्या रापणकरांना विचारा. खोल समुद्रात देवमासा दिसतो का, कुठल्या महिन्यात, एकटा की पिल्लासह, तारल्यांच्या मागे असतो का, शेपटी पाण्याबाहेर काढतो का. हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू काळी-पांढरी असते आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, नुसत्या फोटोवरून तो कोण हे ओळखता येतं. मोबाइल आता सगळ्यांकडेच आहे, शेपटीचा फोटो काढायला सांगा. आणि जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला तर जाळं कापून सोडल्याबद्दल सरकारकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना 2018 पासून आहे, फोटो किंवा व्हिडिओ मात्र काढून ठेवावा लागतो. तुमच्या बैठकीतल्या किती जणांना हे माहीत आहे ते बघा. तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील, अर्धे तर तुमचेच विद्यार्थी.

आता यायचं बघू. गौरी-गणपती आणि पितृपक्षातली आजोबांची तिथी झाल्याशिवाय तुम्ही हलणार नाही हे धरलंय. तिथीच्या दुसऱ्या दिवशी निघालात तरी माद्या आणि पिल्लं भेटतील, फक्त नवरात्र इकडे बसवायची तयारी ठेवा. गोव्याच्या मोपा विमानतळाहून मुंबई, तिथून सिंगापूरमार्गे ब्रिस्बेन, दोन्हीकडे व्हीलचेअर सांगून ठेवते. बाबांना ती आवडत नाही, तरी सांगणार आहे. आई, तुला बोट लागते हे मी विसरलेले नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसारखं इथे नाही. मोठी, दोन सांगाड्यांची बोट असते, बसायला खुर्च्या, आत स्वच्छ संडास, आणि आग्नेयेचा वारा क'गारी बेट अडवतं, त्यामुळे सकाळचं पाणी बहुधा संथ असतं. तरी गोळी अर्धा तास आधी घ्यायची आणि आवळासुपारी जवळ ठेवायची. खाऊचं फार काही बांधू नकोस, इथल्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून द्यावी लागते.

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून व्हिसाला वैद्यकीय तपासणी लागेल, त्यात वेळ जातो. तेव्हा दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढा, मुदत बघा आणि पहिल्या पानाचा फोटो या आठवड्यात पाठवा. बाकी फॉर्म मी भरते.

तुमची लेक