तक्रार: ‘युनियन’ करूनही घनफळ चुकते, आणि तिकीट (तक्रारीची नोंद) मात्र ‘सुटले’ म्हणून बंद

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या त्रिमितीय आकृतींच्या सॉफ्टवेअरमधली ‘युनियन’ ही आज्ञा, म्हणजे दोन घनाकृती जोडून एक करणारी, चुकते. हे सांगत असताना आज दुपारी तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवतो.

दोन समान वृत्तचिती, त्रिज्या १५ मिमी, लांबी ६० मिमी, मध्यावर काटकोनात छेदणाऱ्या, यांचे मी युनियन केले. सामाईक भागाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या १६/३ पट, म्हणजे नेमके १८,००० घन मिमी. गोल पृष्ठांनी वेढलेला भाग, तरी उत्तरात π (पाय) येत नाही. आर्किमिडीजला हे माहीत होते, आणि डिप्लोमाच्या मुलांना मला हेच दाखवायचे आहे. एकत्रित घनफळ सुमारे ६६,८२३ यायला हवे. तुमचे सॉफ्टवेअर ८४,८२३ देते. ही नुसती बेरीज झाली, सामाईक भाग दोनदा धरलेला. थ्रीडी प्रिंटिंगसाठीच्या एसटीएल फाइलमध्ये आतल्या भिंती तशाच राहतात. सातपूरच्या थ्रीडी प्रिंटिंगवाल्याने ती फाइल परत पाठवली.

यावर तुमचा माणूस म्हणाला, “सर, स्क्रीनवर एकत्र दिसतंय ना?” मी म्हटले, दिसतंय, घनफळ बघा. “दिसतंय म्हणजे जोडलं गेलंय.” मी इंटरसेक्शन (फक्त सामाईक भाग काढणारी आज्ञा) चालवून दाखवले, उत्तर रिकामे आले. तेव्हा म्हणाला, “एकीची त्रिज्या १५.०१ करा.” केली, आणि चालले. “बघा, सुटलं! मुलांना सांगा, जवळपास तेवढंच असतं.” आणि तिकीट बंद!

गणिताच्या शिक्षकाला हे सांगता? त्रिज्या समान असतानाच छेदवक्र दोन लंबवर्तुळे होतात आणि दोन बिंदूंत एकमेकांना छेदतात. तिथे दोन्ही पृष्ठांचे स्पर्शप्रतल, म्हणजे त्या बिंदूत पृष्ठाला टेकणारे सपाट प्रतल, एकच असते. तुमची आज्ञावली नेमकी तिथेच कोलमडते. भूमितीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना ही जागा अवघड आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. निदान चूक झाल्याचा संदेश तरी दाखवा. चुकीचा आकडा बिनदिक्कत छापला की मूल तोच वहीत उतरवते.

चित्र एकत्र दिसणे म्हणजे घनाकृती एक होणे नव्हे, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर कोणी ऐकले नाही.

फुकट मिळणाऱ्या ओपनस्कॅडमध्ये याच आकृतींचे युनियन केले की आतली भिंत उरत नाही. तुमच्या परवान्याचे पैसे मी खिशातून भरले, कारण तुमच्यावर विश्वास होता. तो आता उरलेला नाही.

तिकीट पुन्हा उघडा, दुरुस्ती कधी मिळेल ते लेखी कळवा, नाहीतर पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्ही फाइली आणि पावती सोबत जोडली आहे.

एक गणित शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक