रात्रीच्या गाडीबद्दल

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दीड वाजता तुझा फोन आला, ‘अण्णा, मांजरसुंबा घाट उतरलो’, तेव्हापासून तुम्ही पोचेपर्यंत मी अंगणातच होतो. सकाळी त्यावरून आपलं वाजलं आणि तुझ्या कॉलेजच्या पोरी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खोत फायनलला गेल्या, हे बोलायचं राहूनच गेलं. आधी त्याची शाबासकी घे.

आता गाडीचं. बारा पोरी, एक क्रूझर आणि पहाटेपासून जागा असलेला तोच ड्रायव्हर. मी जन्मभर एसटी चालवली. रात्री दोन ते चार या वेळात स्टिअरिंगवरच्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण तो जागा असतोच असं नाही. आधी तो बोलायचा बंद होतो, मग मान चोळतो, मग काच खाली करतो. काच खाली झाली की गाडी बाजूला घ्यायलाच लावायची.

तू म्हणालीस, मुक्काम जिमखान्याच्या बजेटात बसत नाही. बसवला तरी घरचे पोरींना रात्री बाहेर राहू देत नाहीत, आणि एकदा घरी बोलणी बसली की पुढच्या वर्षी ती पोरगी मैदानावर दिसत नाही. पटतं मला.

तू सातवीत होतीस तेव्हा तुझे खो-खोचे सर आपल्या ओट्यावर येऊन बसले होते. आत आजी भांडी आपटत होती, चहा निवून चालला होता, आणि सर एवढंच म्हणाले, ‘पोरीची जबाबदारी माझी.’ त्यावर मी हो म्हणालो. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती बातमी गल्लीभर सांगत फिरणारी हीच आजी! आता ते वाक्य तू दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून बोलतेस. अभिमानही त्याचाच वाटतो आणि झोपही त्यानेच उडते.

लोकांना तुझं कॉलेजातलं पद, शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे शिट्टी आणि ट्रॅकसूट वाटतो. पात्रता अर्ज, टीए-डीएची बिलं, मैदान आखायचा चुना, आणि नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी चार वर्षांनी प्रमाणपत्र शोधत येणारी पोरगी, हे कुणाला दिसत नाही. या पदाच्या भरतीच्या चाचणीत तिशीच्या आतल्या बाईला ८ मिनिटांत १००० मीटर बस होते. तू तेवढं संपवून पुढेही पळतच राहिलीस, हे दाजी अजून सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळला ७८-४० हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक आणला, त्यानंतर तुझ्याकडे नावं वाढली म्हणालीस. म्हणजे पोरी वाढणार, गाड्या वाढणार, रात्रीही वाढणार.

म्हणून ऐक. मुक्कामाची मागणी प्राचार्यांकडे लेखी दे आणि आवक क्रमांक टाकून घे. तोंडी बोललेलं नंतर कुणी ओळखत नाही. पालकांच्या सह्या घे. आयांना एकदा कॉलेजात बोलाव, पोरी खेळतात ते त्यांना बघू दे. अमक्याच्या पुतणीला संघात घ्या म्हणून कुणी आलं, तर निवड चाचणीचा कागद पुढे ठेव, आवाज चढवू नकोस.

हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पीएच.डी. तू केलीस. बापाचं भाषण समज, राग मानू नकोस. पण ड्रायव्हर रात्री बदलून घे. जास्तीचा खर्च कॉलेजने नाही दिला तर माझ्या पेन्शनीतून दे. नाही म्हणू नकोस.

आणि पुढची स्पर्धा लागली की तारीख कळव, मी येतो. ड्रायव्हरशेजारची सीट माझी. पोरी मागे झोपू देत, मी त्याला बोलतं ठेवीन. कॉलेजला हे चालत नसेल, तर प्राचार्यांना अर्ज मी स्वतः देतो.

आईने शेंगदाण्याची चटणी केली आहे, मामाबरोबर पाठवतो. डबा परत दे.

तुझा,
अण्णा