दूध दाटण्याविषयी आईला घरी सोडण्याआधी सांगा

माननीय संपादक महोदय,

प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून मी अनेक वर्षे काम केले. त्या अनुभवावरून बाळंतिणींच्या छातीत दूध दाटण्याच्या त्रासाविषयी हे पत्र लिहीत आहे. प्रसूती सुखरूप झाली की अनेक आयांना एकदोन दिवसांत घरी सोडतात, आणि दूध दाटते ते बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे नेमकी मदत हवी असते तेव्हा शेजारी माहीतगार कोणी नसते. छाती दगडासारखी घट्ट होते, कातडी ताणून चकाकू लागते, हात खाली आणला तरी कळ येते, आणि भुकेने रडणाऱ्या बाळाच्या तोंडात स्तन नीट धरलाच जात नाही. अशा वेळी ‘हिला दूधच नाही’ असे घरातले कोणी म्हणाले, की वरच्या दुधाची बाटली येते. बाळ ओढेनासे होते आणि छाती आणखी तुंबते.

वार पडल्यावर गर्भारपण टिकवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरते, दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मात्र चढेच असते, आणि दूध भराभर तयार होऊ लागते. त्याच वेळी स्तनांचा रक्तपुरवठा वाढतो व आत पाणी साचते, म्हणून या ताठरपणात दुधाइतकाच सुजेचाही वाटा असतो. प्रसूतीच्या वेळी सलाइन बरेच दिले गेले असेल तर ही सूज अधिक दिसते. हे नीट समजण्याआधी मीही आयांना जोर लावून गाठी चोळायला सांगत असे. त्याने आतील नाजूक ऊतींना इजा होते आणि सूज वाढते, हे कळल्यावर त्या आयांचे कळवळलेले चेहरे मला फार दिवस आठवत राहिले.

खरा उपाय बाळाचाच आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा, बाळाला अंगावर घ्यावे. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग टणक झाल्याने बाळाला धरता येत नसेल, तर पाजण्यापूर्वी बोटांची टोके स्तनाग्रालगत भोवती ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने हलकेच दाबून धरावीत. सूज मागे सरते, तो भाग मऊ पडतो आणि बाळाच्या तोंडात मावतो. तरीही जमले नाही तर हाताने थोडे दूध काढावे, पण आराम पडेल इतकेच. छाती पूर्ण रिकामी करत राहिल्यास शरीर आणखी दूध तयार करते. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेल्या थंड घड्या ठेवाव्यात. वेदना असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेता येते. मात्र थंडी वाजून ताप आला, स्तनाचा एखादा भाग लाल होऊन ठणकू लागला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. अशा वेळीही पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

हे सारे समजावायला दहा मिनिटे लागतात. घरी सोडण्याच्या कागदावर टाक्यांची काळजी आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. तिथेच तिसऱ्या दिवसाविषयी चार ओळी असाव्यात, आणि हाताने दूध कसे काढायचे हे परिचारिकेने प्रत्येक आईकडून एकदा करवून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोबत आलेल्या घरच्या माणसांनाही त्या वेळी जवळ बसवावे.

जिचे बाळ अतिदक्षता कक्षात आहे, तिला वेळच्या वेळी दूध काढायला शिकवावेच लागते. पण जिचे बाळ गेले, तिलाही दूध येते, याचा विचार फार थोडे लोक करतात. रिकाम्या हातांनी घरी गेलेली आई तिसऱ्या दिवशी ओल्या झालेल्या कपड्यांनी जागी होते, आणि असे होईल हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिला निरोप देण्यापूर्वी कोणीतरी तिच्याजवळ बसून, हे का होते, आराम पडण्यापुरतेच दूध कसे काढावे आणि दूध ओसरण्यासाठी डॉक्टरांकडून कोणती मदत मिळू शकते, हे हळुवारपणे सांगितलेच पाहिजे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका